आखाजी ते दिवाळी

गोधडी शिवायचा हंगाम एक आणि ती विकायचा हंगाम दुसरा. होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्या बाजार भरू लागतात, तेव्हा ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेलेली कुटुंबं घरी परततात. तिथपासून मृगाच्या पावसापर्यंत शेतात बाईच्या हाताला फारसं काम नसतं. जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांना टेकलेला असतो आणि अशा दुपारी निंबाच्या सावलीत किंवा ओसरीवर बाया गोधड्या अंथरतात. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा त्या हंगामाचा ऐन मध्य. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला मात्र गोधडी आठवते ती दिवाळीनंतर, पहाटे अंगावर शहारा आला की. मधल्या सहा महिन्यांत बियाणं, खत, मुलांच्या वह्या, कानबाईचा सण, एखादं आजारपण असं सगळं येऊन जातं. गोधड्यांच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. बायांच्या हातात कला आहे, शहरात गिऱ्हाईक आहे. खरा प्रश्न हे सहा महिने कोणी अंगावर घ्यायचे, हा आहे.

मी अमळनेरची. प्रतापशेठांच्या गिरणीमुळे आमच्या गावाला कापडाची ओळख उपजतच. कापड बोटांत धरून त्यात सूत किती आणि भेसळ किती हे सांगणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली. पुढे शिक्षणही कापडाचंच घेतलं, काही वर्षं नोकरी केली आणि मग चोपडा आणि शिरपूर तालुक्यांत, वैजापूर, बोराडी, पळासनेर या बाजूला बायांचा गट करून गोधड्यांचं काम सुरू केलं. पायथ्याच्या गावांत अहिराणी बोलणाऱ्या बाया, वरच्या पाड्यांवर पावरा आणि भिल्ल. पायथ्याच्या बायांच्या हातात गोधडी पिढ्यान्‌पिढ्या होती. पाड्यांवरही जुनं कापड जोडून अंथरूण करायची रीत होती, पण त्याला कोणी कधी विक्रीची वस्तू मानलं नव्हतं. लेकीच्या बाळंतपणाला, पाहुण्यांसाठी, घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगाखाली, एवढाच तिचा हिशेब.

खानदेश म्हणजे कापूस, हे शाळेतल्या भूगोलात सगळे शिकतात. शेतातला कापूस बाया वेचतात, तो जिनिंगमध्ये जातो, गाठी बांधल्या जातात आणि गाठी बाहेर जातात. पूर्वी त्यातला काही कापूस इथेच कापड व्हायचा. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची आणि चाळीसगावची गिरणी, सगळ्यांचे भोंगे वाजायचे. १९३६ साली यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा गांधीजींनी तिथे खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शनही भरवलं होतं. आज जळगावात खानदेश मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. आणि कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर सुरतेहून आलेली पॉलिस्टरची साडी आहे. ही साडी स्वस्त आहे, लवकर वाळते, रंग टिकतो, म्हणून ती नेसते. तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण गोधडीच्या दृष्टीनं ही साडी म्हणजे संकट आहे, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

गोधडी म्हणजे रजई नव्हे. रजईत कापूस भरलेला असतो. गोधडीत कापडावर कापड असतं. खाली अस्तर, वर जोडलेल्या तुकड्यांचा पदर, मधे वापरून मऊ झालेली लुगडी, धोतरं, सदरे. जमीन सारवून किंवा पुसून त्यावर अस्तर ताणून अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, एकेक थर हातानं सुरकुत्या काढत पसरायचा आणि आधी कच्चा दोरा घालून घ्यायचा. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो. पन्नास वेळा धुतलेलं सुती लुगडं सुईला अडवत नाही आणि थर एकमेकांना धरून राहतात. पॉलिस्टर सरकतं. वरचा थर इकडे, मधला तिकडे, आणि धुतल्यावर आत गोळे. शिवाय ते घाम शोषत नाही. थंडीत अंगावर घेतलं की पहाटे चिकट वाटतं. नऊवारी सुती लुगडी नेसणाऱ्या आज्या एकेक करून गेल्या आणि त्यांच्याबरोबर गोधडीचा कच्चा मालही आटला. आता आम्ही अस्तराला मांजरपाट घेतो आणि मधल्या थरांना सुती कापडाचे उरलेले तुकडे किलोवर विकत आणतो. नवं कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन, उन्हात वाळवूनच सुईखाली जातं. म्हणजे जी वस्तू घरात फुकट उपलब्ध कापडातून व्हायची, तिला आता सुरुवातीलाच पैसे घालावे लागतात. हा खर्च कोण घालणार? इथूनच सहा महिन्यांचा प्रश्न सुरू होतो.

आता शिलाईचा हिशेब. पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब गोधडी घ्या. अर्ध्या अर्ध्या इंचावर टाक्यांची एकेक ओळ धरली तर नव्वद इंचांत १८० ओळी होतात. प्रत्येक ओळ पाच फुटांची. म्हणजे एका गोधडीत ९०० फूट शिवण. इंचाला चार टाके धरले तर ४३,२०० टाके. इतक्या जाड थरातून चांगला हात असलेली बाई तासाला दहा-बारा फूट शिवते. याचा अर्थ ७५ ते ९० तास, आठ तासांचा दिवस धरला तर नऊ ते अकरा दिवस निव्वळ सुई चालवायचे. तुकडे कापणं, रंग लावून पाहणं, जोडणं, अंथरणं, किनार घालणं वेगळं. हा हिशेब मी पहिल्यांदा बायांसमोर मांडला तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. आपल्या हातून काय होतं याचा आकडा त्यांनी कधी ऐकला नव्हता, कारण गोधडीची दुपार कोणी कामात धरलेलीच नव्हती.

मजुरी कशी ठरवायची यावर आमच्यात खूप बोलणं झालं. तोडगा सुचवला तो एका वयस्कर मावशींनी. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि दुष्काळी वर्षांत या मावशींनी बांधावर, रस्त्यावर, तळ्यावर माती वाहिली होती. तिथे खोदलेल्या मातीची चौकडी मोजून पैसे मिळत. त्या म्हणाल्या, माती मोजतात तर टाका का मोजू नये? तेव्हापासून आमच्याकडे ओळीवर मजुरी आहे. आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी टेप घेऊन ओळी मोजायच्या, वहीत लिहायच्या आणि त्याच दिवशी पैसे द्यायचे. दर ठरवताना आधार घेतला तोही रोजगार हमीचाच. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. दहा दिवस धरले तर एका गोधडीची नुसती सुईची मजुरी तीन हजारांच्या घरात जाते. रस्त्याच्या कडेला मशीनवर मारलेली गोधडी काही शे रुपयांत मिळते. ती पाहून आलेलं गिऱ्हाईक आमच्या किमतीला दचकतं. मी त्यांना वही दाखवते आणि ओळी मोजायला सांगते. काही जण खरोखर मोजतात, आणि मोजणारा सहसा घासाघीस करत नाही.

मजुरी शिलाईवर द्यायची, विक्रीवर नाही, या आग्रहामागे माझे अनुभव आहेत आणि इतरांचेही. एका मोठ्या शहरातल्या दुकानानं माल विकल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर गोधड्या नेल्या. दुकान सुंदर होतं, गोधड्या काचेमागे मांडल्या होत्या, त्यावर स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा मजकूरही होता. पण पैसे यायला पुढची होळी उजाडली. बायांची मजुरी तेव्हा देऊन झालेली होती म्हणून त्यांना त्याची झळ लागली नाही. ती झळ आमच्या खात्याला लागली, आणि ती तिथेच लागायला हवी. बाजारात माल अडकेल, भाव पडेल, गिऱ्हाईक फिरेल, हा धोका उद्योग चालवणाऱ्यानं घ्यायचा असतो. ज्या बाईच्या घरात महिन्याचं धान्य नाही तिच्यावर तो ढकलून आपण स्वतःला सामाजिक उद्योजक म्हणवून घेऊ नये.

हे काही मला सुचलेलं नवं ज्ञान नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या लिज्जतमध्ये लाटणावळ रोजच्या रोज द्यायची पद्धत आहे, आणि बायांचा त्या संस्थेवर जो विश्वास आहे त्याचं मोठं कारण मला त्यात दिसतं. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं मानिकगंजच्या स्त्रियांना रेशमाचं काम दिलं. ढाक्यातली दुकानं पैसे द्यायला फार उशीर करत. मग माल हातात आला की बाईचे पैसे चुकते करता यावेत म्हणून संस्थेनं १९७८ साली स्वतःचंच दुकान काढलं, आरोंग. पुढे तिथल्या नक्षी कांथेला, म्हणजे आपल्या गोधडीच्या बहिणीला, जगभर मान मिळाला. कांथेचं कौतुक करणारे खूप भेटतात. आरोंग मुळात का निघालं हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

आणि आपल्या खानदेशात बहादरपूर आहे. पारोळा तालुक्यातलं, बोरी नदीकाठचं गाव. नीलिमा मिश्रा तिथल्याच. पुणे विद्यापीठातून मानसशास्त्रात एम. ए. झाल्यावर त्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्याकडे काही वर्षं राहिल्या. कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधकाचं काम सोडून १९८३ साली पाबळला आले होते. खेड्यातल्या मुलानं हातानं काम करत विज्ञान शिकावं, ही त्यांची धारणा. ती शिदोरी घेऊन नीलिमाताई गावी परतल्या आणि त्यांनी भगिनी निवेदिता ग्रामीण विज्ञान निकेतन उभं केलं. पहिला बचत गट १४ जणींचा. त्यातून खाद्यपदार्थ आणि मग गोधड्या. त्या गोधड्या परदेशातही गेल्या. २०११ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा चार जिल्ह्यांतल्या २०० गावांत १,८०० बचत गटांपर्यंत काम पोचलेलं होतं. २०१३ साली पद्मश्री मिळाली.

वर्तमानपत्रांनी तेव्हा गोधडीचे फोटो छापले, ते योग्यच होतं. पण त्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट फोटोत येणारी नव्हती. तिथे गोधडीच्या आधी पैसा उभा केला गेला. बायांची बचत, त्यावर कर्ज, मालासाठी गोदाम, अडचणीतल्या शेतकऱ्याला गावच्या फिरत्या निधीतून मदत, आणि बायांना हिशेब ठेवायचं शिक्षण. शिवलेली वस्तू आणि विकली गेलेली वस्तू यांच्यात वेळेचं जे अंतर असतं, त्यावर पूल बांधायचं हे काम आहे. नुसतं शिवणकामाचं प्रशिक्षण देऊन, प्रमाणपत्र वाटून, समारंभ करून निघून गेलेले उपक्रम मी आमच्या भागात पुष्कळ पाहिले. प्रमाणपत्रं भिंतीवर राहिली आणि बाया ऊसतोडीला गेल्या.

ऊसतोडीविषयी लिहिल्याशिवाय हे लेखन पुरं होणार नाही. दिवाळीच्या आधी मुकादम पाड्यांवर फिरतो आणि जोडप्याला उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतली की हंगामभर दक्षिण गुजरातेतल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर जायचं. खोपटात राहायचं, पहाटे अंधारात ऊस तोडायला लागायचं, लेकरं फडाच्या कडेला. खानदेशातून बारडोलीकडे जाणाऱ्या या मजुरांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकापासून लिहिलं आहे. तेव्हाच्या आणि आजच्या वर्णनात अंतर फार थोडं आहे. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागतं.

पहिल्या बैठकांमध्ये पाड्यावरच्या बाया मला एकच प्रश्न विचारत. रंग कोणता, नमुना कोणता, गिऱ्हाईक कुठलं, यातलं काही त्यांना नको होतं. पायथ्याची एक तरुण सून पावरीतून अहिराणीत करून सांगायची, “ताई, पैसा कव्हय भेटतीन?” मुकादम आधी पैसे देतो. चांगल्या हेतूनं आलेले आम्ही लोक विकल्यावर देऊ म्हणतो. गरिबाला पैसा नेमका कधी लागतो हे मुकादमाला बरोबर कळलेलं असतं आणि त्या कळण्यावर त्याचं सगळं साम्राज्य उभं आहे. त्याच्याशी टक्कर द्यायची तर भाषणांनी होणार नाही. दिवाळीच्या आधी बाईच्या हातात तिच्या कष्टाचा पैसा असला पाहिजे.

म्हणून आता आमची रीत अशी आहे. होळी ते मृग या काळात ओळीवर मजुरी, दर आठवड्याला, तिच्या स्वतःच्या खात्यात. त्यातला काही भाग ज्यांना हवा त्यांनी गटात ठेवायचा आणि तो दिवाळीच्या आधी व्याजासह काढायचा. याचा उपयोग बाया माझ्या कल्पनेपेक्षा फार हुशारीनं करतात. एकीनं उचल निम्मीच घ्यायला लावली आणि स्वतः मुलांसह घरी राहिली, नवरा दिरासोबत कोयत्यावर गेला. तिची मुलगी त्या वर्षी शाळेतून उठली नाही. दुसरीनं शेळ्या घेतल्या. एका घरात सासू-सुना दोघी शिवतात आणि दोघींच्या वह्या वेगळ्या आहेत. सासूनं सुनेच्या ओळी आपल्या वहीत चढवायचा प्रयत्न केला तेव्हा गटातल्या बाकीच्या बायांनीच टाक्यावरून हात ओळखला आणि निकाल दिला. प्रत्येकीचा टाका वेगळा असतो. कुणाचा दाट, कुणाचा तिरका, कुणाचा ओळीच्या शेवटी सैल. मला अजूनही सगळे ओळखता येत नाहीत, त्यांना येतात.

नमुन्याबाबत मी कमीत कमी बोलते. शहरातून कोणी चित्र पाठवून तसंच हवं म्हणालं तर आम्ही बहुधा नाही म्हणतो. आकार, कापड, धुलाई, टाक्याची दाटी यांत मी कडक आहे. रंग मात्र त्यांचे. पावरा बायांची लाल-पिवळ्याची जोड आधी शहराला भडक वाटली. पुढे त्याच गोधड्या आधी संपू लागल्या.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की गोधडीनं स्थलांतर थांबलं. नाही थांबलं. गटातल्या निम्म्याहून जास्त घरांतून अजूनही कोणी ना कोणी जातं. एका जोडप्याला मुकादम एकरकमी जेवढी उचल देतो, तेवढं तीन महिन्यांच्या शिलाईतून होत नाही. जमीन कोरडवाहू आहे, वनहक्काचे दावे अडकलेले आहेत, पाणी खोल गेलं आहे. सुईनं या सगळ्याचं उत्तर मिळेल असं मी कोणाला सांगत नाही. सुईनं एक गोष्ट होते. मुकादम दारात आला की घरात बोलायला एक जास्तीचा आवाज असतो आणि त्या आवाजामागे बँकेचं पासबुक असतं.

भांडवल कमी पडतं ही आमची रोजची काळजी आहे. गोधड्यांनी भरलेली खोली तारण म्हणून कोणी धरत नाही. मशीनवर शिवा, पटकन होईल, असा सल्ला दर वर्षी मिळतो. मशीन वाईट नाही, ज्यांना त्यावर काम करायचं त्यांनी जरूर करावं. पण मशीन, जागा आणि अखंड वीज ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच ते काम जातं, आणि आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात वीज किती तास असते हे तिथे राहिलेल्याला माहीत आहे. सुई, दोरा आणि सावली एवढ्यावर चालणारं काम म्हणून हाताची गोधडी त्यांच्या उपयोगाची आहे.

वाचकांपाशी एक मागणं आहे, आणि ते फक्त आमच्या गटासाठी नाही. गोधडी, घोंगडी, बांबूकाम, हातमागाचं कापड, कोणत्याही बाईच्या हातचं काही घ्यायचं मनात असेल तर हंगामाची वाट पाहू नका. आखाजीला मागणी नोंदवा, निम्मे पैसे तेव्हाच द्या आणि वस्तू दिवाळीला घ्या. संस्था किंवा दुकान मधे असेल तर बाईला किती मिळाले हे विचाराच, पण त्याआधी कधी मिळाले ते विचारा. आणि विक्रीनंतर देतो असं उत्तर आलं, तर ती पद्धत बदलेपर्यंत तिथून घेऊ नका.